आंगुस्तियासबाईंचा शेवटचा श्वास

“आणि त्या वरच्या खोलीत आंगुस्तियासबाईंनी शेवटचा श्वास घेतला,” असं म्हणून गाइड लेआंद्रोने हेल्मेट काढलं आणि छातीशी धरलं. चौकात सायकली धरून उभ्या असलेल्या नऊ माद्रिदकर पर्यटकांनीही आपापली हेल्मेट काढली. “ही चाळ सोडून कुठे जायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता. मालकांनी तो शेवटपर्यंत पुरवला.”

दहाव्या सायकलीपाशी खुद्द आंगुस्तियासबाई उभ्या होत्या. वय चौऱ्याहत्तर. पूल ओलांडून त्रियानाच्या वस्तीत येईपर्यंत गुडघ्याचे तीनतेरा वाजले होते, पण श्वास चांगला खणखणीत चालू होता. ‘सायकलवरून सेव्हिल, अगदी आरामात’ असं पत्रक नातीने वाचून दाखवलं, तेव्हा आपण वारल्याचं त्यांना कळलं. तेव्हापासून त्या नुसत्या धुमसत होत्या. दुसऱ्याच नावाने नोंदणी करून त्या आज आल्या. स्वतःच्या दारातून आत शिरायला आता तेवढाच मार्ग उरला होता.

अकरा वर्षांपूर्वी मालक डॉन एव्हारिस्तो गोड हसत म्हणाला होता, छप्पर गळतंय, सहा महिन्यांत दुरुस्त करून देतो. चाळीतली सगळी बिऱ्हाडं त्याने शहराच्या टोकाच्या उंच इमारतींत नेऊन टाकली. सहा महिन्यांनी बायका परत आल्या तर दाराचं कुलूप बदललेलं. छप्पर गळायचं ते अजूनही गळत होतं. मालकाने दुरुस्त केला तो फक्त इतिहास. सायकलींचा धंदाही त्याचाच.

“खोटं आहे हे,” आंगुस्तियासबाई म्हणाल्या.

लेआंद्रोने ओठांवर बोट ठेवलं. “आजी, प्रश्न शेवटी विचारा हं.”

“प्रश्न कसले विचारू, मुडद्या? आंगुस्तियास मीच. मी मेले नाही, मला हाकललंय. या नळावर मी चाळीस वर्षं पाणी भरलं. त्या वरच्या खोलीत मला तीन पोरं झाली. आणि तुझ्या मालकाने माझं कुलूप बदललं, माझं!” त्यांचा आवाज चौकात घुमला. हातातली सायकल त्यांनी सरळ जमिनीवर टाकली. हेल्मेट लेआंद्रोच्या पायाशी भिरकावलं.

लेआंद्रोचा चेहरा पांढराफटक पडला. पोरगा लबाड होता, पण मनाने वाईट नव्हता. घाबरला की त्याच्या तोंडून पहिल्यांदा खोटंच निघायचं. “मंडळी,” तो घाईघाईने म्हणाला, “हा आमच्या कार्यक्रमाचाच भाग आहे.”

माद्रिदकरांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी तर डोळे पुसले. “या दक्षिणेकडच्या लोकांना नाटक शिकवावं लागतच नाही,” त्या शेजारणीला म्हणाल्या. आंगुस्तियासबाई आणखी चिडल्या. त्यांनी मालकाच्या सात पिढ्या बाहेर काढल्या. टाळ्या आणखी वाढल्या. शेवटी त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर मटकन बसल्या आणि रागाने रडल्या. त्याचेही लोकांनी फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी लेआंद्रोचा फोन आला. “आजी, मालक तुमच्यावर जाम खूष आहेत. लोकांनी तुमचंच कौतुक लिहिलंय. सोमवारपासून रोज अकराला यायचं, आणि असंच चिडायचं.”

बाई संतापल्या. त्या फोन आपटणारच होत्या. मग थांबल्या.

“आधी येऊन तयारी करावी लागेल,” त्या म्हणाल्या. “दाराची किल्ली?”

“देतो ना.”

“आणि एकटी म्हातारी किती भांडेल? सोबत शेजारणी लागतील. जुन्याच हव्यात, त्यांना भांडायची सवय आहे.”

लेआंद्रोने मालकाला विचारलं. पलीकडून डॉन एव्हारिस्तोचं हसणं फोनमध्ये ऐकू आलं. आणू दे हव्या तेवढ्या, तो म्हणत होता, सामानसुमान घेऊन आल्या तर अजूनच खरं वाटेल. किल्ली त्याच संध्याकाळी पोचली.

सोमवारी अकरा वाजता लेआंद्रो बारा सायकली घेऊन दारात आला. त्याची किल्ली कुलपात शिरेना. कुलूप कोरं करकरीत होतं. आतून छोले शिजल्याचा वास येत होता. कुणीतरी पलंग सरकवत होतं, कुणीतरी नळावरून खरंखुरं भांडत होतं. वरच्या कठड्यावर चादरी वाळत पडल्या होत्या.

“आजी, उघडा की,” त्याने दार ठोठावलं. “प्रेक्षक आलेत.”

दाराची झडप उघडली. आंगुस्तियासबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागच्या बारा जणांकडे पाहिलं. कुणीतरी उत्साहाने टाळ्या वाजवायला सुरुवातही केली होती.

“सायकली भिंतीला टेकवू नका,” त्या म्हणाल्या. “इथं माणसं राहतात.”