दोन हजार सोळाची बरणी

"खराब झालाय तो. वास घे," डोन्का म्हणाली.

"अजून पाकीट उघडलंसुद्धा नाही," गेंचो म्हणाला. "बंद पाकिटाचा वास कसा घेणार?"

जेवणाच्या टेबलावर दोन बरण्या होत्या. एकीवर २०१६ची चिठ्ठी, दुसरीवर २०१७ची. बल्गेरियातल्या रूसे शहरातल्या त्या इमारतीच्या तळघरात सगळी बिऱ्हाडं बरण्यांमध्ये मिरच्या, काकड्या, टोमॅटो भरून ठेवत. गेंचोच्या बरण्यांत अ‍ॅटमायझर होते. वाफ ओढायच्या नळीच्या पोटात बसणारी, बोटाच्या पेराएवढी धातूची डबी. आत तार आणि कापूस. तार तापली की कापसातल्या रसाची वाफ होते आणि माणूस ती ओढतो. गेंचोची नळी बनवणारी कंपनी बुडू लागली, तेव्हा त्याने दोन वर्षं गावोगावची दुकानं पालथी घालून प्लास्टिकच्या पाकिटांत सीलबंद असलेले उरलेसुरले सगळे अ‍ॅटमायझर उचलले. बरणीच्या तळाशी मूठभर तांदूळ टाकले, ओल धरू नये म्हणून.

"लोणचं टिकतं, तर लोखंड टिकणार नाही?" असं तो म्हणे.

त्या रविवारी डोन्काचा धाकटा भाऊ मेतोदी जेवायला आला होता आणि दाजींसाठी नव्या तऱ्हेची नळी भेट म्हणून घेऊन आला होता.

"दाजी, कापूस पिवळा पडतो. रबराच्या कड्या कडक होतात," तो म्हणाला. "माझेच बघा ना. तुमच्याबरोबर एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतले होते. तीन वर्षांपूर्वीच जळक्या चिंधीसारखे लागायला लागले. दिले फेकून."

"तू ठेवले होतेस गाडीच्या डिकीत. माझे तळघरात असतात."

"आठ वर्षं घसा फोडून सांगतेय," डोन्काने सूपचा डाव आपटला. "फेक ते भंगार! माझ्या मिरच्या ठेवायला जागा नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी!"

तिने फेक म्हटलं म्हणजे तो ठेवणार, हे मेतोदीलासुद्धा ठाऊक होतं. चौतीस वर्षांच्या संसारात गेंचोने बायकोचं एकदाही ऐकलं नव्हतं. एकदा तिने चुकून त्याच्या टोपीची तारीफ केली, तर दुसऱ्या दिवशी त्याने टोपी टपालवाल्याला देऊन टाकली.

गेंचोने भेटीची नळी उलटसुलट करून पाहिली. गुलाबी होती आणि तिला खरबुजाचा वास येत होता.

"हे खेळणं मी तोंडात घालू? बेचाळीस वर्षं गोदीत वेल्डिंग केलंय मी. ऐक मेतोदी, माझे अ‍ॅटमायझर ज्या दिवशी जळके लागतील ना, त्या दिवशी मी खाली जाऊन सिगारेटचं पाकीट घेईन. पण हे चोखणार नाही."

नऊ वर्षांपूर्वी गेंचो याच स्वयंपाकघरात पेटत्या सिगारेटसकट आडवा झाला होता. पुन्हा सिगारेट धरली तर पाकीट संपायच्या आधी हा संपेल, असं डॉक्टरांनी डोन्काला स्पष्ट सांगितलं होतं. तिने ते नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, डॉक्टर स्वतः ओढतो. अशा माणसापुढे कोण काय डोकं आपटणार?

"मग आज होऊनच जाऊ दे," म्हणत मेतोदीने २०१७च्या बरणीत हात घातला.

डोन्काने बरणी ओढून घेतली. "एक भंगार पुरे आहे माझ्या टेबलावर! जेवायचंय की नाही तुम्हाला?" तिने ती उचलून शेगडीमागे नेऊन आदळली.

"ताई, चिडतेस काय एवढी?"

"चिडू नको तर काय नाचू?"

मेतोदीने मग २०१६च्या बरणीत हात घातला आणि मुद्दाम तळातलं, तांदळात रुतलेलं पाकीट काढलं. गेंचोने ते फाडलं, डबी नळीत बसवली, रस ओतला. कापूस भिजायला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं सूप निवत राहिलं. डोन्का हाताची घडी घालून ओठ आवळून उभी होती.

गेंचोने झुरका घेतला, डोळे मिटले, सावकाश वाफ सोडली. मग नळी मेव्हण्याकडे सरकवली.

मेतोदीने ओढून पाहिलं. "छ्या!"

"काय छ्या?"

"नव्यासारखा लागतोय. कसं शक्य आहे?"

गेंचोने टेबलावर अशी थाप मारली की चमचे उडाले. "आठ वर्षं! ऐकलंस का गं, आठ वर्षं! आता बोल!"

"काय बोलू? मी मरेपर्यंत या बरण्या माझ्या उरावर बसणार," डोन्का म्हणाली. "गिळा आता ते गार सूप."

जेवण झाल्यावर गेंचोला घरात बसवेना. अंगणातल्या बाकावर बसणाऱ्या पेन्शनरांना हे कळल्याशिवाय दिवस कसा मावळायचा? मेतोदीला साक्षीदार म्हणून दंडाला धरून तो खाली घेऊन गेला.

डोन्काने भांडी सिंकमध्ये टाकली. जिन्यातली पावलं विरेपर्यंत थांबली. मग शेगडीमागची २०१७ची बरणी काढून पुसलेल्या टेबलावर घेतली.

"डोन्का!" अंगणातून हाक आली. "काय करतेयस? खाली ये, यांना सांग!"

"तुझं भंगार फेकायला काढलंय!" ती खिडकीतून ओरडली.

"हात तर लावून बघ!"

"बघतेच!" तिने खिडकी लावली, पहिलं पाकीट पात्याने खालून अलगद कापलं, चिमट्याने डबीतला पिवळा कापूस उपसून नवा पांढरा भरला, कडक झालेली कडी काढून मऊ कडी चढवली, आणि पाकिटाच्या कापलेल्या कडेवरून गरम इस्त्री फिरवून ते पुन्हा बंद केलं.