दुसरं पंक्चर

"मागचं चाक बसलंय. जरा लवकर बघा, शिरूरला जायचंय."

मोटारसायकल ढकलत आलेल्या माणसानं ती दुकानासमोर उभी केली आणि टोपी काढून घाम पुसला. मायाची नजर पुढच्या मडगार्डवर गेली. तिथं लाल रंगात नाव रंगवलेलं होतं. प्रांजल.

मायाच्या छातीत धस्स झालं. हे पोपटराव. प्रांजलचा बाप.

न्हावऱ्याच्या फाट्यावरचं हे पंक्चरचं दुकान माया आणि तिचा नवरा आयुष मिळून चालवत. आज ती एकटीच होती. आयुष शिरूरच्या बुद्धविहारात गेला होता, कारण तिथं मायाच्या धाकट्या भावाचं, सम्राटचं लग्न होतं. मुलगी राहू गावची, ही प्रांजलच. पोरीनं जातीबाहेर पाऊल टाकलं तर तंगडं मोडून घरात बसवीन, असं पोपटरावांनी भर चौकात बजावलं होतं. म्हणून मोजक्या माणसांत गुपचूप लग्न लावायचं ठरलं. प्रांजलनं कालपासून फोनही बंद ठेवला होता. राहूकडून शिरूरला जाणारा माणूस या फाट्यावरूनच जाणार. तेव्हा रस्त्यावर नजर ठेवायला माया सख्ख्या भावाचं लग्न सोडून मागं थांबली होती.

आणि ज्याच्यासाठी नजर ठेवायची, तोच आपल्या पायानं तिच्या दारात आला होता.

"बसा आबा," ती म्हणाली. "लगीच बघते."

सामान आणायच्या निमित्तानं ती आत गेली आणि आयुषला फोन लावला. भंतेजी अजून पोचले नव्हते. बराच वेळ लागेल, असं तो म्हणाला.

"लागू द्या," माया कुजबुजली. "त्यांची गाडी माझ्या हातात हाय. मी सोडत न्हाई."

भीती कुठल्या कुठं पळाली. अंगात नुसतं वारं संचारलं होतं. एरवी ती चाक न काढताच एका बाजूनं ट्यूब ओढून घ्यायची आणि बघता बघता पंक्चर काढायची. आज तिनं नट सैल केले, चेन उतरवली, अख्खं चाक बाहेर काढलं. ट्यूब पाण्याच्या टपात वीतवीत बुडवत नेली. बुडबुडे केव्हाच दिसले होते, तरी ती पुढं सरकत राहिली.

पोपटराव बाकावर टेकायचे, पुन्हा उठायचे. खिशातून फोन काढायचे, बघायचे, परत ठेवायचे. माणसं जमवतायत, मायाला वाटलं. मधेच ते भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर थांबले आणि बराच वेळ बघत राहिले. हातातली कानस मायानं घट्ट धरली. पण ते तिथून वळले. माठातलं पाणी घेऊन प्यायले आणि दारात येऊन उभे राहिले.

"किती टाईम लागंल अजून?"

"सोल्युशन वाळाया पायजे, आबा. वल्यावर पॅच धरत न्हाई. एवढं काय तातडीचं काम हाय?"

"पोरीचं हाय," ते रस्त्याकडं बघत म्हणाले. "येळंत पोचाय पायजे. मागनं जाऊन उपेग न्हाई. आज न्हाई गेलो, तर जल्मभर डोक्यात ऱ्हाईल."

त्या शब्दांनी मायाच्या अंगावर काटा आला. तिनं पॅच दाबून बसवला. टायर रिमवर चढवताना लोखंडी पट्टीचं टोक मुद्दाम ट्यूबवर रेटलं आणि जोर दिला. हवा भरली तशी फुस्स करून निघून गेली.

"आजून एक हाय बगा पंक्चर," ती म्हणाली. आपला आवाज इतका साधा निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

पोपटरावांचा चेहरा पडला. ते तडक रस्त्यावर गेले आणि शिरूरच्या बाजूला निघालेल्या दुधाच्या टेम्पोला हात केला. टेम्पो हळू झाला.

"आबा, कशाला जाताय?" ती ओरडली. "ही काय, झालीच गाडी. टेम्पो प्रत्येक डेअरीवर थांबतोय."

त्यांनी एकदा टेम्पोकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग तिच्या शब्दावर भरवसा ठेवून टेम्पोवाल्याला जा म्हणून खुणावलं.

मायानं पुन्हा टायर उतरवला. पुन्हा टप, पुन्हा बुडबुडे, पुन्हा घासणं. हात चालत होते आणि कान फोनकडं लागले होते. अखेर फोन वाजला. ती आत धावली. पलीकडून 'साधू, साधू' असा गजर येत होता. त्यातून आयुषचा आवाज आला. "लागलं! आत्ताच लागलं!"

तिनं तोंडावर हात दाबला. हसू आवरेना, डोळे भरून आले. हातातल्या लोखंडी पट्टीचा मुका घ्यावासा वाटला. चेहरा पुसून ती बाहेर आली आणि वाऱ्यासारखी कामाला लागली. ट्यूब बसवली, हवा मारली, चाक चढवलं, चेन ताणली, नट आवळले. पोपटराव गाडीवर बसेपर्यंत तिचा श्वास फुलला होता.

"झाली गाडी, आबा," ती म्हणाली. "जावा आता निवांत."

पोपटरावांनी किक मारली नाही. टोपी नीट केली, पुन्हा एकदा आतल्या फोटोकडं बघितलं आणि अवघडून म्हणाले,

"पोरी, एक इचारू का? लेकीचं लगीन हाय शिरूरला, आज सकाळीच कानावर आलं. म्या येतोय ते तिला ठाव न्हाई. तिचा फोनच लागंना. तुमच्यात लग्नाला अक्षता न्हाई, फुलं टाकत्यात म्हणं. हितं जवळ कुठं मिळत्याल का?"