मिशीला पीळ

स्पंजचा चेंडू सकाळी ठेवला तिथेच, उशीपाशी पडून होता. तरी व्यायाम घेणारा पोरगा आजही म्हणाला, "काकू, काकांचा डावा हात सुधारतोय हं!" प्रमिलाताईंना त्याचाही संशय आला आणि नवऱ्याचाही. अर्धांगवायूने लाकूड झालेला हात चेंडू न दाबता सुधारतो कसा?

त्यातून यांचं हे नवीनच खूळ. जेवण झालं की दार लोटून टीव्ही लावायचा. मग आतून ढिशुम-ढिशुम, काचांचा खळखळाट आणि यांचं खिदळणं. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस! पूर्वी असला सिनेमा दिसला की "बिचारा न्यूटन!" म्हणून चॅनल बदलायचा.

आज त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलंच. हिरोने उजव्या हाताने जीप उचलून धरली, गुंडांना डोळा मारला आणि डाव्या हाताने मिशीला पीळ दिला. इकडे यांचा डावा हात पांघरुणातून निघाला, थरथरत वर चढला आणि मिशीला जाऊन भिडला.

प्रमिलाताईंनी आत जाऊन चेंडू खिडकीत ठेवला, खुर्ची ओढली.

"जीप झाली. आता ट्रक कधी उचलतो हो हा?"