शेवटची गाठ

कुपवाडच्या गॅरेजात जुन्या मारुतीपुढं आकाराम मिस्त्री उकिडवा बसला आणि हसला.

"आयला, बंपर हाय का घोंगडं? कुणी शिवलंय हे?"

डावा बोल्ट निघाला.

बंपरला मधोमध तडा. दाभण तापवून प्लास्टिकला भोकं पाडलेली, त्यातून काळी नायलॉनची दोरी ओढलेली. आटपाडीकडं फाटलेलं घोंगडं असंच सांधतात.

"माझ्या अमृतनं," बाकड्यावरून धोंडुबाई म्हणाली. "टाका माझा हाय. मी शिकवलेला."

"हुशार हाय की गडी. आणला न्हाई व्हय त्याला?"

तिच्या लेकीनं, उत्कर्षानं, मान हलवली. "दादा गेला. दिवाळीच्या पाडव्याला वर्ष होईल."

उजवा बोल्ट निघेना. गंजलेला. आकारामनं त्यावर तेल सोडलं. वर बघितलं नाही.

"ऱ्हाऊ दे की मग," धोंडुबाई म्हणाली. "त्येलाच सुटायचं नसंल तर –"

"आई. सोमवारपासनं दादाची ही गाडी घेऊन मी साताऱ्याला कामावर जाणार. रोज सकाळी दारात आलं की समोर दादाचे टाके. मला न्हाई जमत गं."

"आन् मला ते दिसलं न्हाईत तर जमत न्हाई. त्येचं काय?"

उजवा बोल्ट निघाला.

जुना बंपर भिंतीकडच्या भंगाराला टेकला. नवा बसला. गाडी एकदम परक्याची दिसायला लागली. उत्कर्षा तिच्याकडं बघतच राहिली.

"मावशी," आकाराम म्हणाला, "जुना घरी न्यायचा तर टपावर बांधून देतो. घेऊन जावा."

"नको. गाडीवरनं निघालं ते निघालं. जाऊ दे भंगारात. एक काम ऱ्हायलंय तेवढं."

ती बंपरापाशी जाऊन बसली. टाक्यांवरून बोटं फिरवत शेवटापर्यंत आली. तिथं नुसती चिकटपट्टी होती. तिनं ती नखानं सोलली. खाली दोरीचं टोक मोकळंच.

"आमच्या घरात घोंगडं कुणीबी सांधू दे, शेवटची गाठ थोरल्या बाईनं मारायची. तवर पांघरायचं न्हाई. फोनवर म्हणला, गाठ तुला ठेवलीया आई. मी म्हणलं, ये दिवाळीला, मारू की."

दोरी तोकडी होती. ताठ झालेली. तिनं टोक दातांत धरून ओढलं. पहिला वेढा घातला. दुसरा घालायला गेली की पहिला सैल पडायचा. पुन्हा घातला. पुन्हा सैल.

उत्कर्षा खाली बसली. तिनं पहिल्या वेढ्यावर बोट दाबून धरलं.

दुसरा वेढा बोटाभोवती आला.

"बोट काढ आता," आई म्हणाली. "आवळायची हाय."

उत्कर्षानं बोट काढलं नाही.