घास घेतलेला रुपया

दामिनीनं डबीतून रुपया काढून परीक्षकांच्या टेबलावर ठेवला. भिंग तिनं घरूनच आणलं होतं. तेही तिनं शेजारी ठेवलं, जरा जोरातच.

"बळीराम बागडे," ती म्हणाली. "आठवते का?"

नानाजी घाटोळेंना आठवलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. धंतोलीतल्या हॉलमध्ये नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचं दरवर्षीचं प्रदर्शन भरलं होतं, आणि परीक्षकाच्या खुर्चीत वीस वर्षं तेच बसत होते. कुठलं नाणं टांकसाळीत चुकलं आणि कुठलं बाहेर कोणी बिघडवलं, हे त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी मान्य करायचं. टांकसाळीत चुकलेल्या नाण्याला जमवणारे मोठी किंमत देत, बाहेर बिघडवलेल्याला काहीच नाही.

आठ वर्षांपूर्वी दामिनीचा बाप याच टेबलापुढे उभा होता. बळीराम एसटीत कंडक्टर. रोज शेकडो नाणी हातातून जायची. त्यात वेगळं काही दिसलं की तो आपल्या खिशातलं नाणं थैलीत टाकून ते ठेवून घ्यायचा. त्यातला एक स्टीलचा रुपया त्याच्या फार जिवाचा. कडेला कोणी घास घेतल्यासारखा गोल तुकडा नव्हता, अगदी चंद्रकोरीसारखा. नानाजींनी तो भिंगाखाली धरलासुद्धा नाही. बोटांत फिरवला, कानस मारलेली आहे म्हणाले, आणि माइक हातात घेऊन सगळ्यांना असल्या लबाडांपासून सावध राहायला सांगितलं. हॉल हसला. तेरा वर्षांची दामिनी बापाचा शर्ट धरून उभी होती.

ही गोष्ट डेपोपर्यंत पोचली. मग बळीरामनं सुटे पैसे दिले की ओळखीचे प्रवासी नाणं उलटंपालटं करून विचारायचे, घरी बनवलं का गा? निवृत्तीच्या दिवशी सत्काराच्या भाषणातही एकानं तोच विनोद केला. बळीरामनं हातातला नारळ खुर्चीवर ठेवला आणि न जेवता खाप्याला घरी निघून आला. त्यानंतर तो नाण्यांबद्दल कधी बोलला नाही. कोणाबद्दलच फारसा बोलला नाही.

बापाचा राग असा आत जाऊन बसला. लेकीचा बसला नाही. दहावीनंतर तिनं आयटीआयला टूल अँड डायचा, म्हणजे साचे-ठसे घडवायचा ट्रेड घेतला. वर्गात ती एकटीच मुलगी होती. आता हिंगण्याला एका कारखान्यात टूलरूममध्ये होती. मैत्रिणी रविवारी फुटाळा तलावावर फिरायला जायच्या, तेव्हा ती नाण्यांवरची पुस्तकं वाचायची आणि वाचता वाचता दात खायची.

नानाजी समजुतीच्या सुरात म्हणाले की पोरी, जुनं झालं ते, आणि कड काय, कोणीही कापू शकतो. दामिनीनं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं की त्या दिवशी घासाच्या बरोब्बर समोरची कड त्यांनी पाहिली होती का.

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक जवळ आले. मंडळाचा सचिव प्रीतमही आला.

दामिनी मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. पत्र्यातून चकती कापतानाच ती खंडित निघाली, तर पुढच्या यंत्रात कडेचा उंचवटा, म्हणजे काठ, उचलताना घासाच्या समोर दाब बसत नाही. तिथला काठ दबका राहतो. ती टांकसाळीची चूक. नाणं बाजारात आल्यावर कोणी कापलं, तर समोरचा काठ जसाच्या तसा असतो. ते नुसतं बिघडवलेलं नाणं. एवढा साधा फरक, आणि तो बघायला एक मिनिट लागतं.

"ते मिनिट तुम्ही माझ्या बापाले दिलं नाही," ती म्हणाली. "आता द्या."

नानाजींनी भिंग उचललं. एका मिनिटानं त्यांचं भागलं नाही. त्यांनी रुपया दिव्याखाली धरला, काट्यावर तोलला, पुन्हा भिंगाखाली घेतला. घासासमोरचा काठ दबका होता. घासाजवळची अक्षरं कडेकडे ओढल्यासारखी पसरली होती. प्रीतमनंही पाहिलं आणि मान हलवली. नानाजींचे कान लाल झाले.

"टांकसाळीचीच चूक आहे," ते हळूच म्हणाले.

"माइकवर सांगा. त्या दिवशी माइक होता."

त्यांनी माइकवर सांगितलं. बळीराम बागडे प्रामाणिक माणूस आहेत, त्यांच्यावर अन्याय झाला आणि तो मी केला, असं ते म्हणाले. तिनं मागितलं म्हणून मंडळाच्या कागदावर तसं लिहून सहीही दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दामिनीला त्या टाळ्यांचाही राग आला. त्यात काही तोंडं त्या दिवशी हसणारी होती. एक जण रुपयाची किंमत विचारायला पुढे आला. तिनं उत्तर न देता रुपया डबीत टाकला आणि बस गाठली.

घरी बळीराम ओसरीवर बसला होता. त्यानं चष्मा लावून पत्र वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. कागद मांडीवर ठेवून तो बराच वेळ हमसून हमसून रडला. दामिनीनं बापाला कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही नाही. ती शेजारी बसून राहिली.

शेवटी त्यानं डोळे पुसले, डबी उघडली आणि रुपया तळहातावर घेतला. घासावरून अंगठा फिरवता फिरवता त्याचा हात थांबला.

"हा कुठून आणला तू?" त्यानं विचारलं. "माहा रुपया तर मी त्याच दिवशी येता येता पुलावरून कन्हानमध्ये फेकला होता."

"माहीत आहे, बाबा," दामिनी म्हणाली. "मी गाडीवर मागंच बसून होती. हा मी बनवला."