लोढण्याचा माग

सापळा जागेवर नव्हता, आणि बाळाजीला मनापासून आनंद झाला.

"लागलं गं," तो घराकडे तोंड करून म्हणाला. "विठा, उदमांजर लागलं."

आतून उत्तर आलं नाही. बायको सकाळी सकाळीच कुठेतरी गेली असावी. गेली तर गेली. आठवडाभर तिची दोनच टुमणी चालली होती: सापळा काढा, गुन्हा आहे तो, आणि कसला तरी फॉर्म भरा. फॉर्म बाळाजीने दोनदा फाडला होता. सापळा मात्र त्याने नीट निगुतीने लावला होता. वडिलांच्या वेळचा लोखंडी सापळा, पण जनावराच्या पायाला इजा होऊ नये म्हणून त्याच्या जबड्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पकडलेलं उदमांजर तो वनखात्याच्याच हवाली करणार होता. मग गुन्हा कसला?

त्याला कोंबड्या वाचवायच्या होत्या. तेरातल्या तीन आठवड्याभरात गायब झाल्या, त्याही तिन्ही मातकट रंगाच्या. चोर मोठा चोखंदळ होता, पांढऱ्या-काळ्यांना त्याने तोंडही लावलं नव्हतं. मुलाने, संतोषने, रविवारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर चोर सापडला नाही तर उरलेल्या कोंबड्या कुणाला तरी देऊन टाकायच्या आणि परसात पेव्हर ब्लॉक बसवून गाडी उभी करायची. कुळगावात परस असं आता उरलंच होतं किती जणांकडे? बाळाजीचा सगळा जीव त्या कोंबड्यांत होता. त्या गेल्या तर सकाळी उठून करायचं काय, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

परसाची जमीन मुरमाची. तिथे खुंटी टिकत नाही, आणि टिकली असती तरी त्याने ठोकली नसती. सापळ्याच्या साखळीला त्याने बाभळीचा हातभर ओंडका बांधला होता, लोढणं म्हणून.

"खुंटीला बांधलेलं जनावर हिसडे देतं, पाय सोडवून घेतं," वडील सांगायचे. "लोढणं दिलं की त्याला वाटतं, आपण आपल्या मर्जीने चाललोय. ते चालत राहतं, दमतं, आणि मागे वाट दाखवत जातं." हे बाळाजीने विठाला लग्नापासून शंभरदा तरी ऐकवलं असेल.

वाट तर झकास दाखवली होती. धुळीत ओंडक्याची वीतभर रुंद चर उमटली होती. ती कुंपणाच्या फटीतून बाहेर पडली, ओढ्याच्या काठाने गेली आणि नव्या टॉवरच्या मागच्या पायवाटेला लागली. बाळाजी कमरेत वाकून, शीळ घालत तिच्या मागे निघाला. एका करवंदीच्या काट्याला लांब, मऊ केस अडकलेले त्याच्या हाताला लागले. ते त्याने पुरावा म्हणून खिशात ठेवले.

एका गोष्टीचं त्याला नवल वाटलं. सापळ्यात अडकलेलं जनावर झुडपात शिरतं. हे मात्र झुडपं टाळून सरळ वाटेने चाललं होतं. जुनं, मुरलेलं दिसतंय, त्याने मनात म्हटलं. त्याच्याविषयी थोडा आदरही वाटला.

डांबरी रस्त्यावर चर संपली. समोर आनंदाची चहाची टपरी होती.

"आनंदा, इथून लाकूड ओढत काही गेलं का रे?"

आनंदाने चहा ढवळणं थांबवलं नाही. "गेलं ना काका. झाला असेल अर्धा तास."

"कसं होतं?"

"निळसर. चांगलं मोठं होतं."

"निळसर? राखाडी असेल."

"असेल बुवा. दमलं होतं पण. मी जवळ गेलो, तर माझ्यावरच गुरकावलं."

"कुठे गेलं?"

"शाळेच्या मैदानाकडे. पटपट जा, भेटेल."

मैदानाच्या मातीत चर पुन्हा दिसली. समोर मांडव होता, माणसं होती, खुर्च्यांच्या रांगा होत्या. वर भलामोठा फलक लावलेला. कुणाचा तरी वाढदिवस असावा, ते तर इकडे रोजचंच. चर सरळ मांडवात शिरली होती. बिथरलेलं जनावर आणि एवढी माणसं, या विचाराने तो धावतच सुटला.

"मागे व्हा सगळे," तो म्हणाला. "खुर्च्यांखाली जनावर आहे."

कुणी हललं नाही. शेवटच्या रांगेतल्या एका खुर्चीखाली त्याचा ओंडका पडला होता. शेजारी सापळा, मिटलेला आणि रिकामा. खुर्चीवर निळी साडी नेसलेली बाई पदराने घाम पुसत होती. काट्याला लागून त्या पदराचे धागे एका जागी निघाले होते.

"आलात?" विठा म्हणाली. "बसा. तुमचा चौदावा नंबर, बारावा चाललाय."

बाळाजी बसला.

"जनावर कुठंय?"

"समोरच आहे माझ्या. आणि तुमच्या मातकट तिघी घरीच आहेत. रोज तुमच्या पायांत घोटाळतात."

गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी फॉर्म घेऊन आली. "आजोबा, मोतीबिंदूचा फॉर्म. दिसायला काही त्रास होतो?"

"मला?" बाळाजी ताठ झाला. "धुळीतला माग काढत कुळगावाच्या त्या टोकापासून आलोय, पोरी."

"हो ना," विठा म्हणाली. "त्या चरीच्या कडेने वाटभर माझ्या चपलांचे ठसे होते."

बाळाजीने खिशातले केस काढले, डोळ्यांपाशी नेले, मग लांब धरले. मग त्याने मुकाट्याने मुलीकडून फॉर्म घेतला आणि विठाला म्हणाला, "सही कुठे करायची, तिथे बोट ठेव."