साठच्या वर

युवा केंद्राच्या सतरंजीवर नऊ मुलं, दोन मुली आणि एक मापक होता. मापकाची सुई बोटाला टोचली की रक्तातून माणसाचा एकटेपणा मोजता येई. आकडा साठच्या वर गेला, तरच शहरात उपचार मिळत. मोजणी वर्षातून एकदाच होई.

रेवतीने कित्येक आठवड्यांत घरातही तोंड उघडलं नव्हतं. केंद्र चालवणाऱ्या विमलताईंनी आज तिला इथे आणलं, वेणी घातली, पोहे भरवले. मुलांनी तिच्याभोवती बसून गाण्याच्या भेंड्या लावल्या.

मापक घेऊन आलेल्या सुहृदने कपाळाला हात लावला. "ताई, मोजणीआधी एकटं बसवायचं असतं. माया लावली की आकडा उतरतो."

"अहो, एवढ्या घाबरलेल्या पोरीला एकटं बसवू?"

"मग जेवणावळच घालायची होती!"

"उद्या या ना, दादा. मी फिरकणारसुद्धा नाही."

"तारीख मापकातच ठरलेली आहे, ताई. माझ्या हातात काही नाही. निदान तिचा हात तरी सोडा."

विमलताईंनी हात सोडला. रेवतीने तो पुन्हा घट्ट धरला. सुहृदने तिच्या दुसऱ्या हाताच्या बोटाला सुई टोचली.

आकडा आला अठ्ठावन्न.